खंडेनवमीचा फ्रिज

पिंपळे गुरव,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. निरंजन यास आशीर्वाद.

घरची खुशाली मुद्दाम शेवटी लिहितो. तुझी सुमनताई भाऊबीजेच्या तयारीला लागली आहे. "निरूला अनारसेच लागतात" म्हणून तांदूळ भिजत घातले आहेत. फोनवर तू "दाजी, टेन्शन नका घेऊ" म्हणतोस आणि विषय मिटतो, म्हणून हे पत्र.

निघोज्याच्या तुझ्या लॅबमध्ये खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. झेंडूचे तोरण लावून फोटो काढायचा, म्हणून फ्रिज रिकामा करून धुतला आणि त्यातल्या अँटिबॉडीच्या कुप्या रात्रभर डीप फ्रीझरमध्ये कोंबल्या. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, तुझे हिशेब पाहणारा. तरी एवढे मलाही ठाऊक आहे, की प्रत्येक अँटिबॉडी पेशीच्या पृष्ठभागावरचा एकच ठरावीक रेणू ओळखून त्याला चिकटते आणि तिला जोडलेला रंग यंत्रात चमकतो. कुपी गोठली, की तो रंग निकामी होतो. मग रेणू असूनही रिपोर्ट म्हणतो, नाही.

तुझी तंत्रज्ञ दिव्या तुला म्हणाली होती, "सर, निरोगी माणसाच्या रक्तातही रंग दिसत नाहीये."

तू म्हणालास, "सणासुदीला किरकिर नको गं. रिपोर्ट पाठवून दे."

हे तिने मला काल रडत सांगितले. तू पाठवलेला पेढ्यांचा बॉक्स मी उघडला नाही. किळस आली. फ्रिजला हळदकुंकू, आणि विश्वासाने रक्त देणाऱ्याला हे!

त्याच आठवड्यात काळेवाडीच्या एका हॉस्पिटलमधून रक्ताच्या कर्करोगाचा नमुना आला होता. पेशींवर तो रेणू नाही, अशा रिपोर्टवर तू सही केलीस. त्या रेणूलाच धरून काम करणारे औषध डॉक्टरांनी त्यामुळे वगळले. नळीवर फक्त क्रमांक होता.

रक्त सुमनचे होते.

सणात भावाला घोर नको, म्हणून तिने आजार तुझ्यापासून लपवायला लावला. मी पुण्यात पुन्हा तपासणी करून घेतली. रेणू आहे, भरपूर आहे. औषध गुरुवारी सुरू होईल. चूक कुठे झाली, हे तिला सांगितलेले नाही. ओवाळणीचे तबक तिने घासून ठेवले आहे.

त्या कुप्यांवर निघालेले बाकीचे रिपोर्टही कुणाच्या तरी बहिणीचे आहेत. प्रत्येक डॉक्टरला स्वतः फोन कर आणि ते मागे घे. तेवढे केलेस, तरच भाऊबीजेला आमची पायरी चढ. नाही केलेस, तर कारण मी तिला सांगेन आणि ओवाळायचे की नाही, ते ती ठरवेल.

हिशेबाला आजपासून दुसरा माणूस पाहा.

सुमनचा नवरा