बाजूला पाहणारी आई

११ जानेवारी १९५४
रघूत्तम आईचं चित्र नेणार! पाठचा भाऊ माझा, पण बोलला कसा, सरकारी साहेबासारखा — "अक्का, दिल्लीत मोठं घर मिळालंय, हॉलमध्ये शोभेल. वडील बोललेच होते ना, चित्र मुलाचं." बोलले होते खरे. वर म्हणतो, "तुला हुबेहूब नक्कल काढून देतो की." नक्कल! आईची!
रडले थोडी. मग कॉफी टाकली.

१३ जानेवारी
चित्रासमोर उभी होते मघाशी. मद्रासच्या पेंटरनं काढलेलं. मोरपिशी रेशमी लुगडं, मोत्यांच्या कुड्या, खुर्चीच्या हातावर कोपर, बोटांत विंझणा. मडमेला लाजवील असा डौल! फक्त बघते ती बाजूला, जरा खाली. लहानपणी मी स्टुलावर चढायची, दाराआड जायची — कुठं उभं राहिलं तर मला बघेल? कुठंच नाही.
रघूत्तम जन्मला आणि ती गेली. मी चार वर्षांची. मला तिच्या लुगड्याचा वास तरी आठवतो, केवड्याचा. त्याला तेही नाही. पण म्हणून काय चित्रच उचलून न्यावं?

१८ जानेवारी
नक्कल काढायला नटराज आला, जरा लहान फळीवर काढणार. जन्मभर देवच काढलेत त्यानं — पट्टाभिषेकाचे राम, लोणी खाणारे कृष्ण, सोन्याचा वर्ख नि खडे लावून. माणूस पहिल्यांदाच. विचारतो, "अम्मा, कुड्यांना खडे लावू?" म्हटलं, "अरे बाबा, माझी आई आहे ती, कामाक्षी अम्मन नव्हे!" हिरमुसला बिचारा.

५ फेब्रुवारी
लुगडं झालं, हात झाले. अगदी तस्सेच! पण डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग. डोळे सगळ्यात शेवटी, मुहूर्त पाहून उघडायचे, ही त्यांची रीत. मला बघवेना. वर जुनेर टाकलं.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार
नटराज न्हाऊन आला, कापूर लावला, दार लोटून घेतलं. बाहेर आला तो हसत. आत जाते तो काय — आई सरळ माझ्याकडे बघतेय!
ओरडलेच. "चुकलास की रे! ती बाजूला बघते!" तो गोंधळला. म्हणाला, "अम्मा, समोर कुणी येऊन उभं राहिलं तर त्याला बघायला नको?" देव काढायची सवय, हाताला दुसरं ठाऊकच नाही. "पुसून परत काढतो," म्हणाला, पण उघडलेले डोळे पुसायला हात धजेना त्याचा.
राहू दे म्हटलं.

१४ फेब्रुवारी
घरात कुठंही जा, आई बघते. भाजी चिरताना पण! केस पिकल्यावर आई मिळाली मला. ने रे रघूत्तमा, तुझं ते मोठं चित्र. खुशाल ने!

२१ फेब्रुवारी
रघूत्तम आला. नक्कल बघून हसेल वाटलं होतं. तर जरा इकडे, जरा तिकडे सरकून बघायला लागला. "अक्का, ही मला बघते." आणि साहेब लहान पोरासारखा रडायला लागला. "मला तिनं एकदा तरी पाहिलं असेल का गे?"
पदरानं त्याचे डोळे पुसले.
"तू हीच ने," म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. मोठं चित्र राहील इथंच.

२३ फेब्रुवारी
गेला. चित्र गोणपाटात बांधून, गाडीत मांडीशी धरून नेलं. घर कसं सुनं वाटतंय.
मीनाक्षीबाई माउशी चोळपुरमहून आली होती त्याला निरोप द्यायला. आईची धाकटी बहीण, आता कान गेलेत. जेवताना मोठ्यानं म्हटलं, "माउशी, बाजूला बघणारी राहिली माझ्या वाट्याला!"
"अय्यो! बाजूला कुठली? तू तिथं खाली बसून पेंटरच्या रंगांत हात घालत होतीस. तो सारखा म्हणे, बाई, इकडे बघा, इकडे बघा. ही कसली बघते! तुझ्यावरच डोळा. शेवटी कंटाळून तसंच काढलं त्यानं."
घास खाली ठेवला. "हे आजवर का नाही सांगितलंस गे?"
"मला वाटलं, तुला ठाऊक असेल. तूच तर होतीस तिथं!"

२४ फेब्रुवारी
चित्राच्या डाव्या अंगाला, खाली जमिनीवर बसले. गुडघे बोंबलले.
आज भाजी तिथंच चिरली.