बेबीबाईच्या ब्लाउजची कतरन

सिहोरा
४ नोव्हेंबर २०२५

ती. दीपमाला मावशीले प्रतिक्षाचा सप्रेम जयभीम.

वि.वि. इकडं सारे बरे आहो, असं लिहाची रीत हाये म्हनून लिहिलं. बरं काईच नाई.

फोन लागत नाई म्हनून तू चिडली असशीन. फोन पाच दिवसापासून स्टँडले बांधून हाये. मातीची बाहुली केसभर हलवाची, फोटू काढाचा, परत हलवाची. मधात फोन सरकला का सारा सीन गेला. अन् तसंबी फोनवर मले बोलाले जमत नाई. नववीत धडा वाचाले उभी केली तवा आवाज बसला, शाळा सुटली, पन आवाज बसूनच हाये.

आता आयक. आपल्या मातीच्या बाहुल्याईच्या 'लेकराईले झोपवून पाहा' चॅनलमधली नवरा-बायकोवाली क्लिप गावात पोचली. नवरा साऱ्या गावाचे भांडनं मिटवते, अन् घरी बायको त्याले बाहेर काढून आतून कडी लावते. मंग तो बकऱ्याईपुढं शांततेवर भाषन देते. तुह्या आवाजातली बकरी 'मुद्द्याचं बोला' म्हनते, तिथं लोक लोळून राहिले म्हने. कोनं बनवली, ते कोनालेच मालूम नव्हतं.

पन बायकोच्या अंगावरचा ब्लाउज! आईच्या शिलाई मशीनीखाली पडलेल्या कतरनीतून मी बाहुल्याईचे कपडे शिवते. हिरव्यावर जांभळी कोयरी होती, मले आवडली. शेजारच्या अंजू वहिनीनं पाह्यल्याबरोबर वळखलं, हे तं बेबीबाईच्या दिवाळीच्या ब्लाउजचं कापड. बेबीबाई म्हनजे भय्याजीची बायको, अन् भय्याजी आपल्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष! मावशी, तुही शपथ, त्याईचं घर माह्या डोक्यातबी नव्हतं. मी सारं मनानं बनवलं.

बनवनारा कोन ते नाई, पन कतरन आईकडची हे बायाईनं ताडलं. दोन दिवसात आठ बाया न शिवलेले ब्लाउजपीस वापस घेऊन गेल्या. एकीनं तं उरलेली कतरनबी मांगतली. आईले वाटते, दिवाळी झाली म्हनून काम कमी झालं. बाबा गेल्यापासून आपलं घर त्या मशीनीवरच चालते, अन् तीच माह्यानं बंद पडून राहिली. काय करू?

तुहा जीव माह्यावर हाये तसाच राहू दे.

तुहीच,
प्रतिक्षा


पवनी
८ नोव्हेंबर २०२५

चि. प्रतिक्षाले मावशीचा जयभीम अन् एक धपाटा.

पत्र वाचून पयले हसली, मंग घाम फुटला. पोरी, माह्या लग्नातल्या ब्लाउजचं अस्तर कोनत्या रंगाचं होतं, ते मी आजबी सांगू शकते. तुह्या आईनं त्याची डावी बाही आखूड केल्ती, तेबी सांगू शकते. अन् तू अध्यक्षाच्या बायकोचं कापड बाहुलीले चढवलं! तुले दुसरी कतरन नाई भेटली?

आईले आजच्या आज सांग. बाहेरून आयकलं तं तिले लय लागन. बोलता नाई आलं तं लिहून मशीनीवर ठेव. क्लिप काढून टाकू नको म्हनते मी, पन माहं काय जाते? मी इथं पवनीत बसून हाये. तुले त्याच गल्लीतून पानी आनाचं हाये, तं ठरवाचं तूच.

माह्या बकरीले लोक हसले हे एकदाच काहून लिहिलं? आईले नमस्कार. जेवत जाय.

तुही मावशी,
दीपमाला


सिहोरा
१२ नोव्हेंबर २०२५

ती. मावशीले जयभीम.

चिठ्ठी मशीनीवर ठेवली. आईनं वाचली, कात्री खाली ठेवली अन् फोन मांगतला. पुरी क्लिप पाह्यली. बकरीपाशी तिले हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. मंग म्हने, गिऱ्हाईकाची कतरन गिऱ्हाईकाचीच असते, इतकंबी मी तुले शिकवलं नाई का. मावशी, तिनं मारलं असतं तं बरं झालं असतं.

काल भय्याजीनं गावात सांगतलं, येत्या रविवारी चौकात सभा. ज्यानं हे बनवलं त्यानं पुढं येऊन माफी मांगाची, नाई तं भय्याजी पोलिसात जाईन. आई म्हनते मीच मांगते, कापड माह्या घरातून गेलं. मी नाई म्हनलं. म्हनलं तं खरं, पन चौकात इतक्या मानसाईपुढं माह्या तोंडून काई निघन का?

बाहुल्या विरघळवाले बादलीभर पानी काढून ठेवलं. दोनदा बाहुली हातात घेतली, दोनदा परत ठेवली.

तू येऊ नको. तू आली तं तूच बोलशीन, अन् मी मंग कधीच नाई बोलाची.

आठवन ठेव.

तुही प्रतिक्षा


सिहोरा
१७ नोव्हेंबर २०२५

ती. मावशीले सप्रेम जयभीम.

सभा झाली. अर्ध्या बाया वट्ट्यावर, बेबीबाई त्याईच्या मधात. भय्याजीनं माईकवर विचारलं, कोन हाये तो? मी उठली. आईचा हात पाठीवर होता. मंग मी म्हनलं, मी बनवली. कापड न विचारता घेतलं, त्याची माफी मांगते. बस, इतकंच निघालं.

भय्याजी लाल झाला. म्हने, कापडाचं सोड! आमच्या घरातली गोष्ट तुले कोनं सांगतली?

मावशी, माईक नुसता सूं सूं करत होता. तवापावतर कोनालेच मालूम नव्हतं का ते खरं हाये. मलेबी नाई. मंग बेबीबाई बसल्या जाग्यावरूनच म्हने, तिले कोनी नाई सांगतली, आता तुमीच साऱ्या गावाले सांगतली. बायाईत जो हसा उठला! भय्याजीनं सभा संपली म्हनून सांगतलं अन् माईक चालूच ठेवून गेला.

आज सकाळी बेबीबाई घरी आली. आईपुढं दोन ब्लाउजपीस ठेवले, माप देल्लं, बाही कोपरापावतर पायजे म्हने. तिच्या मागं अंजू वहिनी अन् आनखी तिघी दारात उभ्या, साऱ्याईच्या हातात कापड. बेबीबाईनं बाहुल्या पाहाले मांगतल्या. बायकोवाली पालटून पाह्यली अन् खाली ठेवली. नवऱ्यावाली हातात घेतली तवा मातर तिचं तोंड उतरलं. पिशवीतून भय्याजीच्या जुन्या पांढऱ्या सदऱ्याची एक बाही काढून माह्या हातात देल्ली. म्हने, त्याले फाटका शर्ट काहून घातला व? पाहनारे म्हनतीन, बायकोचं नवऱ्याकडं लक्ष नाई.

आता नवा सदरा शिवाले बसते. तुहा लोभ असू दे, अन् घसा चांगला ठेव.

तुहीच,
प्रतिक्षा