घरची मॅच म्युनिकला

१४ मे, बुधवार

लीगने आज वेळापत्रक काढलं. आमची अमेरिकन फुटबॉलची टीम स्टोकर्स, तिच्या घरच्या आठ मॅचेसपैकी एक जर्मनीत, म्युनिकला, दोन नोव्हेंबरला. घरची मॅच. म्युनिकला. माझ्या घरापासून पोर्ट हॅलमचं स्टेडियम अकरा मिनिटांवर आहे, तेही दोन्ही सिग्नल लागले तर.

एकतीस वर्षं मी एकाच सीटवर बसतोय. पावसात बसलो, बर्फात बसलो, गेल्या वर्षी आपली माणसं तेरा मॅचेस हरली तरी बसलो. आता म्हणे पासपोर्ट काढा.

बायकोला, मार्लीनला, सांगितलं तर तिचा चेहरा खुलला. म्हणाली, म्युनिक म्हणजे जोलीनच्या घरापासून वीस मिनिटं. जोलीन आमची एकुलती एक. चार वर्षांपूर्वी थॉर्बेन नावाच्या जर्मनाशी लग्न करून तिकडे गेली. लग्नाला मी नव्हतो. लग्न जानेवारीत ठेवलं, आणि जानेवारीत प्लेऑफ, म्हणजे मोसमाच्या शेवटच्या बाद फेऱ्या असतात. स्टोकर्स प्लेऑफमध्ये नव्हते हे खरं, पण ते तिकीट काढायच्या वेळी कुणाला ठाऊक होतं?

मार्लीन म्हणाली, बघ, देवाला जमलं नाही ते लीगने केलं, तुला मुलीकडे पाठवतेय. मी म्हणालो, प्रश्न तत्त्वाचा आहे.

निश्चय: म्युनिकला जाणार नाही. ती मॅच टीव्हीवरही बघणार नाही.

१९ मे, सोमवार

डॉटीच्या बारमध्ये 'प्रामाणिक फुटबॉल समिती' स्थापन केली. अध्यक्ष मी, सचिव एल्डन प्रुइट. एल्डन निवृत्त प्लंबर, एकतीस वर्षं माझ्या डाव्या हाताची सीट त्याची. सदस्य म्हणून डॉटी. तिने अट घातली की सभेत निदान काहीतरी मागवत जा.

उद्दिष्टं दोन. घरची मॅच घरीच झाली पाहिजे. आणि मॅचेस आधीच ठरवलेल्या असतात हे सिद्ध करणं. एल्डन म्हणाला, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? सोपं आहे. परदेशात दुकान थाटायचं तर कोण जिंकणार हे आधी ठरवायलाच लागतं. मी चौतीस वर्षं पाणी खात्यात मीटर वाचले. मीटरमध्ये कोणी लोहचुंबक लावलंय हे मला फाटकातच कळायचं. मला फसवणं सोपं नाही.

लीगला पहिलं पत्र टाकलं. चार पानी.

७ सप्टेंबर, रविवार

मोसम सुरू. माझी पद्धत अशी: पंच टोपीला कधी हात लावतो ते मोजायचं. एकदा लावला तर दंड आपल्याला, दोनदा लावला तर त्यांना. आज तेवीस वेळा लावला. एल्डन म्हणाला, ऊन होतं रे. चोराच्या मनात चांदणं असतं, ऊन नाही.

मॅचआधी निकाल कागदावर लिहून, लिफाफा चिकटवून डॉटीकडे ठेवला होता: हरणार. जिंकले, वीस गुणांनी. लीगला सुगावा लागला. ऐनवेळी निकाल बदलला असणार.

१४ सप्टेंबर, रविवार

लिफाफा: जिंकणार. ३१-३ ने हरलो. पुन्हा बदलला. म्हणजे एवढी मोठी लीग डॉटीच्या गल्ल्यातल्या लिफाफ्याला घाबरते.

२१ सप्टेंबर, रविवार

आज त्यांना बरोबर कोंडीत पकडलं. लिफाफ्यात लिहिलं: एकतर जिंकणार, नाहीतर हरणार. आता कुठे जातील?

मॅच २०-२० बरोबरीत सुटली.

डॉटी हसून हसून काउंटरमागे बसली. हसण्यासारखं काय आहे? याहून मोठा पुरावा कुठला?

लीगला सहावं पत्र.

५ ऑक्टोबर, रविवार

जोलीनचा फोन. आधी जावईबापू आले. थॉर्बेनला कसला तरी अतिनम्र शिष्टाचार शिकवलाय कोणी. चार वर्षं झाली तरी 'तुम्ही' म्हणतो. म्हणाला, बाबा, तुम्ही म्हणता मॅच फिक्स असते, मग बघता कशाला? मी म्हणालो, मी बघत नाही, नजर ठेवतो.

मग मी त्याला स्पष्ट सांगितलं, स्टोकर्स म्हणजे काय ते तुम्हा लोकांना कळायचं नाही. त्यावर त्याने मी एकतीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा तिकीट काढलं त्या वर्षीच्या टीममधल्या अकराही बचावपटूंची नावं सांगितली. ओळीने. नंबरांसकट. म्हणाला, अकरा वर्षं बघतोय, रात्रीच्या मॅचला पहाटे दोनचा गजर लावून. मी म्हणालो, पाठांतर वेगळं आणि निष्ठा वेगळी. मला मधली दोन नावं आठवत नव्हती, पण ते त्याला कळलं नसावं.

जोलीनने फोन घेतला. म्हणाली, बाबा, तिकीट मी पाठवते, तू फक्त ये. मी म्हणालो, लीग माझ्या मुलीचा आमिष म्हणून वापर करतेय. ती म्हणाली, मी बोलावतेय बाबा, लीग नाही.

विचार करतो म्हणालो. केला नाही. विचार करण्यासारखं काही नव्हतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

बहिष्काराचं पहिलं पाऊल: केबल बंद केली. छपरावर जुना अँटेना चढवला. मार्लीन म्हणाली, बहिष्कार आहे तर अँटेना कशाला? निरीक्षणाला. बायकांना बारकावे कळत नाहीत.

१८ ऑक्टोबर, शनिवार

समितीची तातडीची सभा. सचिवाने खिशातून नवा कोरा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, ड्वेन, मी सत्तर वर्षांचा आहे, कॅनडाच्या पुढे कधी गेलो नाही. स्टोकर्स नेतायत तर जातो बाबा. नवीन लोकांनी आपली टीम बघितली तर आपलं काय झिजतं?

काय झिजतं. मी त्याला वीस मिनिटं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. उलट मलाच म्हणाला, चल की तू पण, तुझ्याशिवाय बाजूला बसून ओरडायचं कुणाच्या कानात?

शेवटी त्याने सचिवपदाचा राजीनामा दिला, मी मंजूर केला नाही. त्यामुळे नियमाप्रमाणे तो जाऊ शकत नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

एल्डन गेला.

२९ ऑक्टोबर, बुधवार

मार्लीनही निघाली. दारात बॅग, बाहेर टॅक्सी. शेवटचं विचारते म्हणाली, जोलीनने तुझंही तिकीट ठेवलंय. मी म्हणालो, मोडेन पण वाकणार नाही. ती म्हणाली, या वयात दोन्ही एकदमच होतं.

मग अचानक हात धरला. म्हणाली, तुझी तत्त्वं तुझ्यापाशी ठेव, पण रविवारी सकाळी साडेनऊला टीव्हीसमोर बस. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तर कॉफी आणायलासुद्धा उठू नकोस. का ते विचारू नकोस. माझ्यासाठी नाही, जोलीनसाठी. वचन दे.

वचन दिलं. जोलीनचा विषय असेल तर मी इतका काही दगड नाही.

बहिष्काराच्या नियमात दुरुस्ती: एक क्वार्टर बघण्यास हरकत नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

अकरा पत्रांनंतर लीगचं उत्तर आलं. म्युनिकच्या खास जर्सीवर दहा टक्के सूट. म्हणजे पत्रं वाचतायत. म्हणजे आता माझ्यावर नजर असणार. फोन बंद करून मोज्यांच्या खणात टाकला.

फ्रिजवर मार्लीनची दोन पानी चिठ्ठी. पहिल्या पानावर कुठल्या डब्यात काय ते आहे. मीटलोफ खाल्ला.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी ९.१५. जर्सी घातली. खुर्ची टीव्हीपासून सहा फुटांवर. वही, दोन पेनं, कॉफीचा थर्मास, म्हणजे उठायलाच नको. वचन म्हणजे वचन.

९.३०. टीव्हीवर पाद्रीबुवांचं प्रवचन.

९.४०. अजून पाद्रीबुवा. छपरावर जाऊन अँटेना फिरवला. आता पाद्रीबुवा जास्त स्पष्ट दिसतात.

९.५०. एव्हाना पहिला क्वार्टर अर्धा झाला असणार. इथे एक बाई भोपळ्याचं सूप करतेय. सगळे चॅनल फिरवले. फुटबॉलचं नावसुद्धा नाही.

१०.००. लक्षात आलं. पोर्ट हॅलमचं प्रक्षेपण तोडलंय. संपूर्ण शहराचं. माझ्यामुळे. चौतीस वर्षांत एवढा मोठा चोर सापडला नव्हता.

१०.०५. वचनाचं काय? मॅचच दाखवत नाहीत तर वचन मोडलं कसं? मार्लीनला पुरावा दाखवीन. टीव्ही बंद. फलक लिहिला: घरची मॅच घरी द्या, सत्य दाखवा. स्टेडियमला निघतोय.

दुपार. डॉटीच्या बारमधून परत आल्यावर लिहितोय. क्रमाने लिहितो.

स्टेडियमला कुलूप. साडेतीन तास फाटकासमोर फलक धरून उभा राहिलो. समोर फक्त एक म्हातारा पहारेकरी, खुर्ची टाकून फोनमध्ये डोकं घालून बसलेला. मध्येच मला म्हणाला, दादा, इकडे या, हे बघा काय गोड दाखवतायत. मी म्हणालो, आंदोलन चालू असताना मी फोन बघत नाही. तो म्हणाला, तुमची मर्जी.

तिथून बारमध्ये गेलो. दार उघडलं आणि सगळा बार उठून उभा. टाळ्या. शिट्ट्या. लोक पाठ थोपटतायत, अभिनंदन म्हणतायत. मला भरून आलं. शेवटी या शहराला कळलं तर. खुर्चीवर चढलो आणि सात मिनिटं बोललो: एकटा माणूस, मोठी सत्ता, सत्य. लोक ऐकत होते, पण जरा गोंधळलेले दिसले. डॉटीने डोळे पुसले आणि म्हणाली, ते सगळं ठीक आहे रे ड्वेन, पण उतर आता खाली, आजोबा होणाऱ्या माणसाने खुर्चीवर चढू नये.

कोण आजोबा?

डॉटी म्हणाली, कोण म्हणजे? दुसऱ्या क्वार्टरला कॅमेरा अर्धा मिनिट त्यांच्यावरच होता. जोलीन स्टोकर्सच्या जर्सीत, पोट पुढे, हातात फलक: बाबा, मार्चमध्ये आपल्या रांगेत अजून एक येतोय. समालोचकाने मोठ्याने वाचून दाखवलं. एका बाजूला मार्लीन, दुसऱ्या बाजूला जर्मन, मागे एल्डन पोरासारखा रडतोय. सगळ्या अमेरिकेने बघितलं. तू बघितलंस ना?

बारमधल्या घड्याळात एक वाजला होता. माझ्या मनगटावर दोन. काल रात्री सगळ्या देशाने, दरवर्षी हिवाळ्याआधी घेतात तशी, घड्याळं तासभर मागे घेतली. आमच्या घरी ते काम मार्लीन करते. मी टीव्ही बंद करून निघालो तेव्हा मॅच सुरू व्हायला पंचवीस मिनिटं होती.

मी म्हणालो, बघितलं म्हणजे काय, बघितलंच की.

मॅच कोण जिंकलं ते विचारलं नाही.

संध्याकाळ. चिठ्ठीचं दुसरं पान वाचलं. त्यावर एकच ओळ होती, घड्याळांची. फोन चालू केला तर मार्लीनचे नऊ, जोलीनचे चौदा कॉल येऊन गेलेले. उलट फोन करायची हिंमत झाली नाही. लीगने काढलेल्या झलका तासभर शोधल्या. त्यात फक्त टचडाउन. मार्लीनकडे फोटो असणार, पण मागायचा कुठल्या तोंडाने?

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी बारमध्ये जाऊन साक्षी गोळा केल्या. जोलीनने काय घातलं होतं, हसत होती की रडत होती, फलक कुठल्या हातात. डॉटी म्हणते डोक्यावर पिवळी टोपी होती. कोपऱ्यात बसणारे दोघे म्हणतात हिरवी. दोनास एक, पण डॉटीचे डोळे चांगले आहेत. पिवळी धरली. सगळं वहीत लिहून दोनदा वाचलं. आयुष्यात मीटरचा खोटा आकडा कधी टाकला नाही. आज टाकायचा ठरवला.

दुपारी फोन केला. जोलीन म्हणाली, बाबा, बघितलंस ना? सगळं बघितलं म्हणालो. फलक, आई, एल्डनचं रडणं, सगळं ओळीने सांगितलं. ती खुश झाली. म्हणाली, आई म्हणतच होती, तो काहीही बडबडू दे, टीव्हीसमोरून हलायचा नाही. मग मी नको तिथे घसरलो. म्हणालो, ती पिवळी टोपी फार शोभत होती तुला.

ती म्हणाली, टोपी नव्हती बाबा. मी केस कापलेत. तू ओळखशील की नाही म्हणून मुद्दाम टोपी घातली नाही.

मी वही मिटली. शेवटी सगळं सांगितलं: पाद्रीबुवा, सूप, फाटक, पहारेकरी. ती हसली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, बाबा, बाळ काही टीव्हीवर दाखवणार नाहीत. यावं लागेल.

मी म्हणालो, येतो. मार्चमध्ये मॅचेस नसतात.

ती म्हणाली, माहीत आहे. ते बघूनच ठरवलं आम्ही.