कधीपासून?

कामोठे,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

चि. संघप्रिया,
सप्रेम जयभीम.

मी इथे बरा आहे, तूही तिथे बरी असशील असं धरून चालतो. तुझ्या गावचं तापमान मी रोज मोबाइलवर बघतो. आज तिकडे उणे दोन दाखवतंय, इकडे बत्तीस. जर्मनीत या दिवसांत डास नसतील ना? आमच्या कामोठ्यातले दोन पाकिटात घालून पाठवावेत असं मनात आलं होतं, तेवढीच माहेरची भेट.

पत्र बघून तू चक्रावशील. फोन हातात असताना पप्पा कागद का काळे करतायत? तर फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू विचारतेस, "जेवलात?" मी म्हणतो, "हो. तू?" तू म्हणतेस, "हो." मग कुणालातरी काहीतरी काम आठवतं. तू परत गेल्यापासून आपण एकमेकांना जेवणापलीकडे काही विचारलेलं नाही.

जेवणाचं म्हणशील तर भात अजून जमलेला नाही. तुझी मम्मी "तीन शिट्ट्या" म्हणायची. त्या मोठ्या आचेवर की बारीक, हे मी कधी विचारलं नाही. त्यामुळे एक दिवस कच्चा, एक दिवस लगदा. पावणे औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं प्रेशर गेज तपासले आणि घरातला कुकर ऐकत नाही, हस खुशाल. सोसायटीत बिल्डिंगच्या रंगावरून तीन मीटिंगा झाल्या. मी तिन्हींना गेलो. रंगाशी मला काही घेणं नाही, पण तिथे माणसं बोलत असतात.

आता मुद्द्याचं. मंगळवारी विहारात वैजयंतीताई भेटल्या. झाडलोट आटपून पायरीवर बसल्या होत्या. तुझा फोन त्यांना दर आठवड्याला येतो, अर्धा अर्धा तास चालतो, हे मला तिथे कळलं. वाईट वाटलं, लपवत नाही. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, एक सांगू का? पोरगी तिकडं आईचा फोटो लावत नाय. काढून कपाटात ठेवलाय. म्हणते, मम्मीला आधीच म्हाईत होतं, मी विमानात बसेपर्यंत गप राहिली, माझ्याशी खोटं बोलली. तिच्या तोंडाकडं बघवत नाय म्हणते. तुमी बाप आहात, तुमी समजवा तिला." मी मान डोलावली आणि निघालो. घर पाच मिनिटांवर, पण पोचायला मला बराच वेळ लागला.

तुला समजवायचं म्हणजे मला खरं बोलावं लागणार. ते बोललो तर फोटो भिंतीवर जाईल आणि मी कपाटात, हे मला स्पष्ट दिसतंय. आता मला फोन करणारी तू एकटीच उरली आहेस, मग तो फोन दीड मिनिटाचा का असेना. म्हणून पाच दिवस टाळलं.

आधी त्या रविवारचं बोलतो. ३१ ऑगस्ट. मम्मीला जाऊन तीन आठवडे झाले होते. वर्षावास चालू होता, दर रविवारी विहारात ग्रंथवाचन असायचं आणि वाचणारा मी. वैजयंतीताईंनी परस्पर ठरवलं, आज वाचन नाही, आज आपली संघू सांगेल ती तिकडे काय शिकते ते. तू नको नको म्हणत उठलीस. पाचेक मिनिटांत तुझा आवाज लागला.

तू सांगितलंस, आकाशगंगा एकमेकींपासून लांब चालल्यात, म्हणजे काल त्या जवळ होत्या, परवा आणखी जवळ. असं मागे मागे जात राहिलं तर चौदाएक अब्ज वर्षांपूर्वी सगळं गच्च आणि भयंकर तापलेलं होतं. तिथवर गणित चालतं. त्याच्याही मागे जायला गेलं की गणितच बंद पडतं. मग म्हणालीस, "माझे पप्पा गेज तपासायचे. गेजचा काटा शून्यावर असतो तेव्हा आत काहीच नाही असं नसतं. आत बाहेरच्याइतकीच हवा असते, आपण फक्त मोजायला तिथून लागतो. विश्वाचं शून्यही कदाचित तसंच असेल." बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. तू पाचवीत असताना मी पावण्याहून एक मोडका गेज आणून दिला होता, ते तुझ्या लक्षात होतं. सवयीने शेजारी बघितलं तर तुझी मम्मी, राजश्री, नव्हती.

मग खालच्या मजल्यावरचे कृष्णातकाका उठले. "ते कळ्ळं पोरी. पर आरंभ हाय का न्हाय, येक काय ते सांग की."

तू म्हणालीस, "काका, खरंच नाही माहीत. आरंभ असेलही. किंवा हे सगळं कायमचंच असेल. आम्ही शोधतोय."

आता तिथे मला उठायची काय गरज होती? पण मी उठलो. म्हणालो, जग शाश्वत की अशाश्वत, या प्रश्नाचं उत्तर तथागतांनी दिलंच नाही. तो प्रश्न त्यांनी अव्याकृत ठेवला, म्हणजे न सांगितलेला. ज्याला बाण लागलाय त्याने बाण कुणी मारला, कुठून आला हे विचारत बसू नये, आधी तो काढावा. सगळ्यांनी "साधू, साधू" केलं. तू माईक ठेवून बसलीस. मला वाटलं, बापाने लेकीला चांगला हात दिला. तुझ्या चेहऱ्याकडे मी पाहिलंच नाही.

घरी येताना बागेच्या कोपऱ्यावर तू थांबलीस. "पप्पा, मम्मीचं कधी सुरू झालं? फाइलमध्ये पंधरा दिवस लिहिलंय. पंधरा दिवसांत एवढं होत नाही. तिला आधीपासून माहीत होतं ना?" माझ्या कानात अजून साधू साधू चालू होतं. मी म्हणालो, "बाळा, हाही त्यातलाच प्रश्न. आता विचारून काय उपयोग?" तू "हं" म्हणालीस. दोन दिवसांनी गेलीस.

तथागत गप्प राहिले ते लोकांचं दुःख दूर करायचं सोडून भलतीकडे जायचं नाही म्हणून. मी त्यांचं नाव घेऊन गप्प राहिलो ते स्वतःची कातडी वाचवायला. विहारात इतकी वर्षं मोठ्याने वाचतोय, आणि वाचलेल्याचा हा उपयोग केला. त्या दिवसापासून मी वाचन सोडलंय. तब्येतीचं कारण सांगितलंय.

सोमवार, दुपार

काल इथे पेन ठेवलं ते उचलवेना. आज सकाळी पोस्टात जाऊन परदेशी टपालाची तिकिटं आणली आणि पाकिटावर तुझा पत्ता लिहून टाकला, म्हणजे आता मागे फिरायचं नाही.

जेवून बसलो आणि कृष्णातकाकांच्या प्रश्नात अडकलो. खरं सांगू? विश्व कायमचंच असावं असं मला वाटतं. सुरुवातच नसली तर अमक्या दिवशी अमक्याने हे करायला हवं होतं, असं कुणी कुणाला म्हणू शकणार नाही. सगळंच आपलं चालत आलेलं. एकटा माणूस भर दुपारी काय काय विचार करतो बघ. सुरुवात असली की तिथे कोण हजर होतं, हे लगेच विचारावं लागतं. मी हजर होतो.

आमच्या कामात एक नियम होता. गेज तपासायला आला की स्क्रूला हात लावायच्या आधी तो जे दाखवतोय ते लिहायचं. दहाच्या जागी अकरा दाखवत असला तर अकरा. त्याला "जसं सापडलं तसं" म्हणून वेगळा रकाना असायचा. मग दुरुस्ती, मग पुढचा रकाना. काही कामचुकार आधी स्क्रू फिरवायचे आणि दोन्ही रकान्यांत छान आकडे भरायचे. अशा एकाशी मी सहा महिने बोललो नव्हतो. तर आता जसं सापडलं तसं लिहितो.

२१ जुलै २०२४, रविवार, आषाढ पौर्णिमा. सकाळचे साडेआठ वाजले होते. मम्मी विहारात न्यायची खीर ढवळत होती, मी पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होतो. तू अंघोळीला गेली होतीस. ती हळूच म्हणाली, "अहो, डाव्या बाजूला गाठ लागतेय हाताला. दुखत नाही, पण आहे. एकदा दाखवून येऊ." तुझं विमान सप्टेंबरात होतं. मी म्हटलं, "पोरगी जाऊ दे, मग बघू. आत्ता कळलं तर ती जायची नाही." ती म्हणाली, "तिला कशाला सांगायचं? आपण दोघं गुपचूप जाऊन येऊ की." म्हणजे तुझ्या आड यायचं नाही हे तिच्याही मनात होतं. पण दाखवायचं नाही, असं ती म्हणाली नव्हती. ते मी म्हणालो.

तू गेल्यावर तिने दोनदा आठवण केली. ऑक्टोबरात मी विहारातल्या कार्यक्रमांचं कारण काढलं. डिसेंबरात म्हणालो, डॉक्टर उगाच टेन्शन देतात, अशा गाठी येतात आणि जातात. खरं कारण भीती. डॉक्टर जोवर नाव घेत नाही तोवर ते सुरूच झालेलं नाही, असं मी धरून बसलो होतो. तिसऱ्यांदा ती बोललीच नाही.

फेब्रुवारीत हात सुजला तेव्हा गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "कधीपासून?" उत्तर मी दिलं. "पंधरा दिवस झाले असतील." राजश्रीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर सारखा केला. बाईंनी लिहून घेतलं. तोच तुझ्या फाइलमधला आकडा.

नाव कळलं त्या संध्याकाळी तुझा व्हिडिओ कॉल आला. तू रडत होतीस, आधी का नाही सांगितलं म्हणून. मी म्हटलं, "अगं, हिने मलाही सांगितलं नव्हतं." ती माझ्या शेजारीच बसली होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "हो गं राणी, माझंच चुकलं." कॉल संपल्यावर मला म्हणाली, "चहा ठेवू का?" त्यानंतर ती सहा महिने होती. त्यावर एका शब्दाने बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं गं.

गाठ नेमकी कधी धरली ते मला माहीत नाही, कुणालाच सांगता येणार नाही. तिथे तुझ्यासारखंच "माहीत नाही" म्हणावं लागेल. पण मला कधीपासून माहीत होतं, याला तारीख आहे, वार आहे, वेळ आहे. तेव्हाच गेलो असतो तर ती वाचली असती का, हे मी अजून डॉक्टरीणबाईंना विचारलेलं नाही. धजत नाही. तू विचार. काय म्हणाल्या ते मला सांगायचं की नाही, तेही तूच ठरव.

मम्मी तुझ्याशी खोटं बोलली ते "माझंच चुकलं" एवढंच, आणि ते खोटं माझं होतं. तिचा फोटो लाव. तिच्यावर रागवायचं काही कारण नाही, सगळा राग इकडे पाठव. क्षमा मागतोय, पण देण्याची घाई करू नकोस. वैजयंतीताईंना फोन करत जा, तो तोडू नकोस. त्या तुझी खुशाली मला सांगतील, मला तेवढं पुरे.

खाली "तुझा पप्पा" लिहायला पेन टेकवलं होतं, उचललं. ते लिहायचं की नाही, हे आता माझ्याकडे नाही.

तुझ्या मम्मीने ज्याला सगळ्यात आधी सांगितलं होतं, तो
चंद्रशेखर