इंटरवलच्या आधी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज बी पिच्चर न्हाय! दहा माणसं झाली तरच शो लावायचा, अशी शांतलिंगआप्पांची अट. आप्पा टॉकीजचे मालक. मी तिकीटखिडकीत. बारावी दोनदा उडाली, मंग इथं.

आज चारच आले. त्यातला एक झोपायच्या बेतानं. "एसी हाय का वो ताई?" एसी! पंखे फिरतेत तेवढं नशीब समज, म्हणलं.

पुढच्या गुरुवारी शेवटचा शो. मंग खुर्च्या उपटणार, मंगल कार्यालय होणार. लोहाऱ्यात माणसं लग्नाला येतेत, पिच्चरला न्हाय.

दुपारभर रिकाम्या टॉकीजात लोळले. पत्र्याच्या भोकातनं उन्हाची एक काडी येती. पडद्यावर टेकती, हळूहळू चालती. आत धूळ नाचायलेली. लई येळ बघत बसले. तो बी पिच्चरच की!

बुधवार, ५ फेब्रुवारी

उमामावशीचं आज कळलं ते भारीच. मावशी म्हंजे आप्पांची बायको, कँटीन तिच्याकडं. लगीन झाल्यापसनं टॉकीजातच हाय — आन एका बी पिच्चरची सुरुवात बघितली न्हाय तिनं! इंटरवलच्या आधी कढई. इंटरवलला गर्दी. मंग हात पुसत दाराच्या पडद्याशी उभी ऱ्हाती, उरलेला अर्धा बघती. पैला अर्धा नुसता भिंतीतनं ऐकलेला. त्यो मनानंच जुळवती.

"त्यो हिरो ल्हानपणी जत्रंत हरवला, भिऊन मुका झाला आसंल. म्हणून शेवटाला इतका वरडतो."

मी हासून हासून आडवी! मंग वाटलं, त्या पिच्चरपेक्षा हिचाच ब्येस हाय.

म्हणलं, "मोबाईलात बघा की मावशी."

"त्यात सुरुवात बोटानं मागं वढता येती. ती काय सुरुवात व्हय? लायटी जातेत, सगळे एकदम गप व्हतेत — तवा आत बसायचंय गं मला. एकदाच. टायटलापसनं."

आप्पांना म्हणलं, घरच्यांसाठी एक शो लावा की. "घरच्या माणसासाठी पडदा उघडत न्हाईत. आमच्या वडलांनी घालून दिलंय." कुणासाठी, ते इचारलं बी न्हाय.

मंग दहा माणसं आणायची. भजी मी तळीन. ठरलं!

शनिवार, ८ फेब्रुवारी

तिकिटं तीन. म्हणून भुशाची सात पोती खुर्च्यांवर बसवली. कुणाला टोपी, कुणाला मफलर. आप्पांची नजर आधू. दारातनं बॅटरी मारून मोजायले. धा भरली. खूस! पण गेले न्हाईत. पुढच्या पोत्याला म्हणतेत —

"पाव्हणं, टोपी काढा. मागच्याला दिसंना."

पोतं गप.

"अवं, तुमालाच म्हणायलोय!"

गेले, खांदा हालवला. मुठीत भूस.

"हर्षे!!!"

मावशी कँटीनमधनं वरडली, "हुच्ची!" चिडली की तिला कानडी सुचतं. येडी म्हणायली मला. पण हासायली बी. डोळ्यात पाणी आलतं. हासण्याचंच आसंल.

रविवार, ९ फेब्रुवारी

शून्य. एक शेळी आत फिरून गेली. बिनतिकिटाची.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

हाऊसफुल्लचा बोर्ड घावला! हौदावर झाकण म्हणून पडलाता. घासला, तर लाल अक्षरं तशीच. रिकाम्या टॉकीजला लावला की गेटवर!

गडी येऊन थांबायले.

"फुल्ल? खरं?"

"मुंगीला बी जागा न्हाय वो मामा."

"आत हाय तरी काय एवढं?"

"ते भायेर सांगायचं न्हाय."

मामा खवळले. "उद्याचं दे. आत्ताच दे!"

संध्याकाळपातूर बस स्टँडवर एकच. टॉकीज फुल्ल हाय म्हणं! टॉकीज फुल्ल!

बुधवार, १२ फेब्रुवारी

आले!! खिडकीत नुसते हात. शिट्ट्या. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातलेला, उगंच आतबाहेर करायले.

मी कँटीनमधी पळाले. "मावशी, झारा द्या. तुमी जा आत." मावशीनं पदरानं तोंड पुसलं. केस नीट केले. दारापातूर गेली बी. तेवढ्यात आप्पा —

"उमा, कुठं निघालीस? हे एवढं माणूस इंटरवलला काय खाईल? ही पोरगी टॉकीज पेटवंल!"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. माघारी फिरली. कढई.

लायटी गेल्या. भिंतीपल्याड सगळे गप. मावशीचा झारा थांबला. कान भिंतीकडं. मंग परत सुरू.

इंटरवलनंतर दाराशी गेली तर तिथं बी माणसं उभी. नुसत्या पाठी दिसल्या तिला. म्या दहा मागितली, सगळा गाव आला! तिची उभी ऱ्हायची जागा बी गेली. माझ्यामुळं.

शो सुटल्यावर आप्पा म्हणले, "येवढ्यानं काय व्हत न्हाय. लोक बोर्डाला आलते, पिच्चरला न्हाय." तवा माझं टाळकं सरकलं. सगळं बोलून टाकलं — भिंत, हिरो, मुका, सगळं.

"कधी म्हणली न्हाय ती," आप्पा येवढंच म्हणले.

"तुमी इचारलं का?"

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शेवटचा शो. गेले तर गेटवर बोर्ड — हाऊसफुल्ल. म्या लावला न्हवता. माणसं माघारी जायलेली. दार आतनं बंद.

फटीतनं बघितलं. लायटी आत्ताच गेल्यात्या. अख्ख्या टॉकीजात एकच डोकं, मधोमध, पदर घेतलेलं. दाराच्या पडद्याशी, मावशीच्या जागेवर, आप्पा उभे. हातात बशी. भजी करपलेली.

म्या दार वाजवलं न्हाय. जागा न्हवती.