कोफीची आजी येणार आहे

शारजा, फेब्रुवारी २००३

इनासदादा,

परवा फोनवर तू म्हणालास, "लॉर्ना त्या काळ्याशी लग्न करणार असेल, तर वसईहून कुणी येणार नाही." मी नुकतीच ड्युटीवरून आले होते. भांडायचं त्राण नव्हतं.

आज माझ्या लेकीच्या युनिव्हर्सिटीत आफ्रिकी मुलांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा कार्यक्रम केला. लॉर्नाचा कोफी स्टेजवर आजीबद्दल बोलला. घानातल्या ज्या पोर्तुगीज किल्ल्यातून पूर्वी माणसं गुलाम म्हणून जहाजांत भरत, त्याच्याच भिंतीलगत ती मासे विकायची. मला वसईचा किल्ला दिसला, आणि टोपली घेऊन बसलेली आपली आई.

मग ढोल वाजले, मुलं नाचली. मागच्या रांगेत आपलीच भारतीय माणसं फिदीफिदी हसली. मी वळून पाहिलं, तशी गप्प झाली.

कोफी खाली आल्यावर मी विचारलं, "लग्नाला तुमच्याकडून कोण येणार?"

"ग्रँडमा इज कमिंग, आंटी. शी इज नाइन्टी. अँड फ्रॉम युवर साइड?"

"मी," एवढंच म्हणाले.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तू पुन्हा फोन करशील, आणि तुला समजावायचं बळ आता माझ्यात नाही. चर्चमध्ये मी त्या म्हातारीशेजारी बसेन.

तुझी दमलेली बहीण,
डोरोथी