एकशे त्रेसष्ट दिवस

सोमवार, ४ मार्च
आज रुजू झाले. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून चालवलेली चित्रपट-शाळा; माझ्या ताब्यात सामानाची खोली. चार कॅमेरे, सात ट्रायपॉड, माइक, दिवे आणि गुंडाळता गुंडाळता जीव जाईल इतक्या वायरी. वस्तू उशिरा परत आली की दिवसाला वीस रुपये दंड. घरी ताई म्हणाली, जन्मभर वाचनालयात पुस्तकांचा दंड उकळलास, आता कॅमेऱ्यांचा उकळ. शाळेचे प्रमुख जुने कॅमेरामन. सगळे त्यांना मामा म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी खुर्चीला उशी आणून दिली. मन रमेल इथे.

बुधवार, ६ मार्च
जुनी थकबाकी काढायला बसले. बहुतेकांनी कुरकुरत का होईना, कबूल केलं. एकच नोंद डोळ्यांत खुपली: हातातला छोटा कॅमेरा, विद्यार्थिनी ‘चिमणी’, उशीर १६३ दिवस. मामा म्हणाले, ती नोंद राहू द्या, आणि उठून गेले. माझा स्वभाव आडवा आला. फोन लावला.

तिच्या आईने उचलला. पुलावर शूटिंग करताना पोरगी नदीत पडली. तिचा देह सापडला, कॅमेरा नाही. मग त्या बाईंनी हळूच विचारलं, तुमच्या वहीत ती अजून यायची बाकी आहे का?

मेल्याहून मेल्यासारखं झालं. दंडाच्या रकान्यात लिहिलं: ‘१६३ दिवस, मी भरते.’ खाली सही. पैसे पगारातून हप्त्याने देईन.

शुक्रवार, ८ मार्च
सकाळी कुलूप उघडलं, तर टेबलावर तोच कॅमेरा. क्रमांकही तोच. कोरडा ठणठणीत. दुसरी किल्ली मामांकडे. त्यांनी हात लावला नाही म्हणतात. खोटं बोलणारा माणूस नाही तो.

सोमवार, ११ मार्च
काल-परवा काय केलं, आठवत नाही. शुक्रवारी झोपले ती आज उठले. ताई सांगते, दोन्ही दिवस मी सकाळीच बाहेर पडले, ‘आईकडे जाते’ म्हणून. आमची आई जाऊन नऊ वर्षं झाली.

वहीत १६३ खोडून १६१ केलंय. अक्षर माझं नाही.

गुरुवार, १४ मार्च
पुन्हा दोन दिवस गेले. वर्गातली मुलं म्हणतात, काय झकास चित्रण केलंत! मी आयुष्यात कॅमेरा धरलेला नाही. मामा नजर चुकवून म्हणाले, तुम्ही तो डाव्या हाताने धरता, चिमणीसारखा.

बाकी १५९.

सगळे पैसे एकरकमी भरले. मामांनी पावती दिली. आकडा हलला नाही.

बुधवार, २७ मार्च
बारा दिवस! बाकी १४७.

चिमणीच्या आईला फोन केला. त्या म्हणाल्या, “चेहरा तुमचा असतो, पण ती मला हाक मारते. माझे केस विंचरते. कुठल्या तोंडाने तिला परत पाठवू, सांगा? आणि सही तुम्ही केलीत. मी मागितली नव्हती.”

मला राग यायला हवा होता. रडू आलं.

शनिवार, १ जून
बाकी ८२. ताईने माझी खोली आवरून टाकली आहे. म्हणते, तू हल्ली इथे नसतेसच ना. चिमणीच्या आईकडे राहतेस म्हणे—

वहीचं ते पान फाडलं. जाळलं. पुढच्या पानावर तीच ओळ, तीच सही—

मंगळवार, २० ऑगस्ट
बाकी ३. फक्त तीन. देऊन टाकीन. दातांवर दात ठेवून देऊन टाकीन आणि मग—

मामा दारात उभे. त्यांच्यामागे एक बाई. पहिल्यांदाच पाहतेय, पण ओळखलं. थकलेल्या आहेत. हातात मुदतवाढीचा अर्ज. दिवसांचा रकाना कोरा. मामांना म्हटलं, त्यांना बाहेर न्या. मामाही रडताहेत. हलत नाहीत.

बाई माझ्याकडे बघतच नाहीत. माझ्या हाताकडे बघताहेत.

मी सही करणार नाही. मी नाही म्हणाले, स्पष्ट म्हणाले, आणि तरी हा डावा हात पेन उचलून—